अ‍ॅप्रन पांढरा, राजकारण कुणाचे?

२००६ सालचा मे महिना आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. केंद्रीय शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आरक्षण देण्याची घोषणा तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री अर्जुन सिंह यांनी केली आणि दिल्ली-मुंबईचे वैद्यकीय विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ‘एम्स’ हे त्या आंदोलनाचे केंद्र बनले. ओपीडी बंद पडल्या. लांबलांबच्या गावांहून उधार-उसनवारी करून आलेले रुग्ण दारातच थांबले. आणि या भावी डॉक्टरांनी आपला निषेध कसा नोंदवला? हातात झाडू घेऊन रस्ते झाडले, बुटांना पॉलिश केले! आरक्षण आले तर आमच्यावर हीच पाळी येईल, असे त्यांना देशाला सांगायचे होते. ज्या समाजाने हजारो वर्षे हातात झाडू घेतला, खुशीने नव्हे तर मनूच्या हुकमाने घेतला, त्या समाजाच्या श्रमाची ती भर चौकात केलेली टिंगल होती. ज्या वॉर्डात हे डॉक्टर शिकले तो वॉर्ड रोज सकाळी कोण झाडते, शवविच्छेदनगृहात प्रेताला पहिला हात कुणाचा लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. म्हणूनच तर त्यांनी झाडू निवडला.

त्या संपाला इंडियन मेडिकल असोसिएशनने, म्हणजे आयएमएने, पाठिंबा दिला. १९२८ साली स्थापन झालेली ही देशातील आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांची सर्वांत मोठी संघटना. आम्ही कोणत्याही पक्षाचे नाही, आम्ही रुग्णाचे आणि गुणवत्तेचे, असे अशा संघटना नेहमी सांगत असतात. पक्षाचे नसतीलही. त्यांच्या कचेरीवर कोणत्या पक्षाचा झेंडा आहे हे आम्ही पाहत नाही. संघटनेचे राजकारण झेंड्यावरून नव्हे, तिच्या संपांच्या यादीवरून ओळखावे, असे आमचे मत आहे. कशासाठी दवाखाने बंद झाले आणि कशासाठी उघडे राहिले, एवढे दोन रकाने मांडले की पांढऱ्या अ‍ॅप्रनखालचा रंग आपोआप दिसू लागतो. आज आपण ते दोन रकाने मांडून पाहू.

पहिला प्रश्न गुणवत्तेचा. ऑगस्ट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इनामदार खटल्याचा निकाल दिला. विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही, असे त्या निकालाने सांगितले. त्याच निकालाने या महाविद्यालयांना १५ टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांसाठी ठेवण्याची मुभाही दिली. म्हणजे शेतमजुराच्या पोरासाठी राखीव जागा ठेवणे ही संस्थेवरची सक्ती, आणि डॉलर मोजणाऱ्याच्या पोरासाठी जागा ठेवणे ही संस्थेची सोय! या निकालातून निर्माण झालेली अडचण दूर करण्यासाठी संसदेला ९३ वी घटनादुरुस्ती करावी लागली. त्या घटनादुरुस्तीच्या आधारे ओबीसींचे आरक्षण आले आणि त्याविरुद्ध संप झाला. पण अनिवासी कोट्याविरुद्ध, पैशाच्या थैल्या घेऊन भरल्या जाणाऱ्या जागांविरुद्ध, देशभरच्या ओपीडी बंद ठेवल्याचे आम्हाला स्मरत नाही. थैली घेऊन आलेल्या पोराच्या हाताखाली रुग्ण दगावत नाहीत आणि आरक्षणातून आलेल्या पोराच्या हाताखाली मात्र दगावतात, हे कोणत्या वैद्यकशास्त्रात लिहिले आहे?

पुढची नोंद २०१९ ची. जानेवारी महिन्यात १०३ वी घटनादुरुस्ती झाली आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण मिळाले. त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींतील गरिबांना वगळले गेले. ‘यूथ फॉर इक्वॅलिटी’ ही २००६ च्या आंदोलनातून पुढे आलेली संघटना या दुरुस्तीविरुद्ध न्यायालयात गेली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण रस्त्यावर कोण उतरले? झाडू कुणी हातात घेतला? कुणीच नाही. २७ टक्क्यांनी बुडणारी गुणवत्ता १० टक्क्यांनी कशी तरंगली, याचे उत्तर आम्हाला आजतागायत मिळालेले नाही.

आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तर गुणवत्तेचा हा फुगा सरकारनेच फोडला. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत पात्रतेची अट सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. कारण उघड होते, जागा रिकाम्या राहत होत्या. परीक्षेत जो सर्वांत शेवटी आला तोही पात्र! काही डॉक्टरांनी नाराजी व्यक्त केली. पण देशभर दवाखाने बंद झाले नाहीत. दलित विद्यार्थी दोन-चार गुणांनी मागे राहिला की देशाचे आरोग्य धोक्यात येते, आणि खासगी महाविद्यालयाची रिकामी जागा भरायची असली की शून्यही चालते. यालाच आम्ही राजकारण म्हणतो.

या गुणवत्तेच्या नावाखाली काय काय झाकले गेले, तेही आठवावे. अखिल भारतीय कोटा १९८६ च्या सुमारास सुरू झाला. त्यात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळायला २००७ साल उजाडले. राज्यांच्या महाविद्यालयांतून या कोट्यात जाणाऱ्या जागांवर ओबीसींना २७ टक्के मिळायला २०२१ चा जुलै उजाडला. तोही प्रश्न न्यायालयात गेलाच. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आरक्षण वैध ठरवले आणि स्पर्धा परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता असे मानता येत नाही, त्यामागची सामाजिक परिस्थिती पाहावी लागते, असे स्पष्ट केले. आमची चळवळ जे पिढ्यान्‌पिढ्या ओरडून सांगत आली, ते न्यायालयाच्या निकालपत्रात आले. वैद्यकीय संघटनांच्या ठरावांत ते कधी येणार?

दुसरा प्रश्न गरीब रुग्णाचा. स्वातंत्र्याआधी आपल्या देशात दोन प्रकारचे डॉक्टर होते. एक पदवीधर आणि दुसरे लायसेन्शिएट, म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा देशातील सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट होते. समितीतील काही सदस्यांचा विरोध असूनही बहुमताने हा अभ्यासक्रम बंद करून एकाच दर्जाचा डॉक्टर तयार करावा, असे ठरले. हेतू चांगला असेल. पण ग्रामीण भागासाठी कमी मुदतीचा मार्ग पुन्हा उघडण्याचा विषय जेव्हा जेव्हा निघाला, मग ते २००१ मधील छत्तीसगडचे तीन वर्षांचे शिक्षण असो, २०१० च्या सुमारास पुढे आलेला ग्रामीण आरोग्याचा अभ्यासक्रम असो, की २०१७ च्या विधेयकातील ब्रिज कोर्स असो, आयएमएने त्याला विरोध केला. खेड्यातल्या माणसाला अर्धवट डॉक्टर का द्यायचा, असा त्यांचा सवाल होता.

हा सवाल आम्ही उडवून लावत नाही. आमच्या वस्तीला दुय्यम डॉक्टर आणि त्यांच्या कॉलनीला सुपर स्पेशालिस्ट, ही वाटणी आम्हालाही मान्य नाही. पण मग पूर्ण डॉक्टर खेड्यात पाठवण्याची जबाबदारी कुणाची? २००७ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री अन्बुमणी रामदास यांनी एक वर्षाच्या सक्तीच्या ग्रामीण सेवेचा प्रस्ताव मांडला, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी त्याविरुद्धही आंदोलनात उतरले. म्हणजे खेड्यात अर्धा डॉक्टर जाऊ द्यायचा नाही आणि पूर्ण डॉक्टर जाणार नाही! मग त्या खेड्यातल्या बाईने बाळंतपणासाठी जायचे कुठे? यावर संघटनेचा ठराव काय, हे आम्हाला कुणी तरी सांगावे.

मार्च २०२३ मध्ये राजस्थान विधानसभेने आरोग्याच्या हक्काचा कायदा मंजूर केला. तातडीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न भरताही रुग्णाला उपचार मिळाले पाहिजेत, हे त्याचे मुख्य सूत्र. त्यावर खासगी डॉक्टरांनी तेथे सुमारे दोन आठवडे दवाखाने बंद ठेवले आणि आयएमएने देशभर निषेध दिन पाळला. सरकार पैसे कधी देणार, कसे देणार, ‘तातडी’ कशाला म्हणायचे, हे त्यांचे प्रश्न रास्त होते. नियमांत ते सोडवता आले असते. पण घोषणा नियम सुधारा अशी नव्हती, कायदाच मागे घ्या अशी होती. शेवटी ४ एप्रिलला समझोता झाला. पन्नासपेक्षा कमी खाटांची आणि सरकारकडून सवलतीची जमीन वगैरे न घेतलेली खासगी रुग्णालये कायद्याच्या बाहेर राहतील, असे सरकारने मान्य केले. रुग्णाचा हक्क दोन आठवड्यांत आक्रसला. ज्या संघटनेला रुग्णाच्या दारात हक्क नको आणि महाविद्यालयाच्या दारात आरक्षण नको, तिला निःपक्ष म्हणायचे तरी कसे?

हे फक्त भारतातच घडते असे कुणी समजू नये. अमेरिकेतील अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही १८४७ साली स्थापन झालेली बलाढ्य संघटना. स्थानिक वैद्यक मंडळे काळ्या डॉक्टरांना आत घेत नसत आणि स्थानिक मंडळात नसलेल्याला राष्ट्रीय संघटनेत जागा नसे. आम्ही कुणाला मनाई करीत नाही, स्थानिक मंडळांचा कारभार त्यांचा ते पाहतात, असे म्हणून राष्ट्रीय संघटना हात झटकत राहिली. गावकीने वेशीवर अडवायचे आणि सरकारने गावकीकडे बोट दाखवायचे, ही रीत आपल्या ओळखीचीच आहे. शेवटी काळ्या डॉक्टरांनी १८९५ साली आपली स्वतंत्र नॅशनल मेडिकल असोसिएशन उभारली. पुढे १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर दर्जाच्या नावाखाली वैद्यकीय शाळा बंद होत गेल्या आणि काळ्यांच्या सात शाळांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी या दोनच उरल्या. दर्जा हा शब्द तिथेही असाच वापरला गेला.

याच अमेरिकन मेडिकल असोसिएशनने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या योजनेविरुद्ध १९४९ पासून सदस्यांकडून माणशी २५ डॉलर गोळा करून प्रचाराची आघाडी उघडली. १९६१ मध्ये वृद्धांच्या सरकारी विम्याविरुद्ध नट रोनाल्ड रेगन यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका डॉक्टरांच्या पत्नींमार्फत घरोघरच्या चहा-कॉफीच्या बैठकांत वाजवल्या. सरकारी विमा आला की समाजवाद आला आणि स्वातंत्र्य गेले, हा त्यातला संदेश. त्या वेळी काळ्या डॉक्टरांची संघटना कुठे उभी होती? ती मेडिकेअरच्या बाजूने उभी होती. कारण तिच्या सदस्यांना आपला रुग्ण कोण आहे आणि त्याच्या खिशात काय आहे, हे ठाऊक होते. १९६५ मध्ये कायदा झाला. ज्या रुग्णालयाला मेडिकेअरचा पैसा हवा त्याने गोऱ्या-काळ्यांचे वेगळे वॉर्ड ठेवता कामा नयेत, अशी अट लागू झाली आणि वर्षानुवर्षांच्या भिंती काही महिन्यांत पडू लागल्या. २००८ च्या जुलैमध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने काळ्या डॉक्टरांची जाहीर माफी मागितली. उशिरा का होईना, मागितली.

आम्ही हे उदाहरण मुद्दाम देत आहोत. १९७२ साली आमच्या तरुणांनी ब्लॅक पँथरकडे पाहून दलित पँथरची स्थापना केली. तिथला प्रश्न आणि इथला प्रश्न एकाच रक्ताचा आहे, हे आमच्या चळवळीने फार पूर्वी ओळखले. मग त्यांच्या माफीकडे पाहून इथल्या संघटनांनी काही शिकायला नको काय? १९८१ साली अहमदाबादच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून पदव्युत्तर राखीव जागांविरुद्ध सुरू झालेले आंदोलन गुजरातभर पसरले आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले. २००६ च्या संपानंतर ‘एम्स’मधील तक्रारींच्या चौकशीसाठी डॉ. सुखदेव थोरात यांची समिती नेमावी लागली. तिने २००७ मध्ये अहवाल दिला. वसतिगृहात अपमान आणि दडपण सोसून दलित-आदिवासी विद्यार्थी काही ठराविक मजल्यांवर एकवटत गेले होते, शिक्षक आणि सहकाऱ्यांकडून त्यांना वेगळी वागणूक मिळत होती, असे त्या अहवालात आहे. देशातील सर्वोच्च वैद्यकीय संस्थेत महारवाडा तयार झाला होता! त्याबद्दल कुणी कुणाची माफी मागितली?

मग २०१९ चा मे महिना आला. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर मुलीने आपले जीवन संपवले. जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्याच तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ने त्या तिघींचे सदस्यत्व निलंबित केले, ही गोष्ट आम्ही लपवणार नाही. पण रुग्णालयाच्या दारात जे आंदोलन उभे राहिले ते पायलच्या आईने, तिच्या आप्तांनी आणि आंबेडकरी, आदिवासी संघटनांनी उभे केले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर मुलीवरील अत्याचार आणि हत्येनंतर आयएमएने देशभर २४ तास सेवा बंद ठेवली. ते योग्यच झाले. डॉक्टरांना सुरक्षा मिळालीच पाहिजे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, पायलही डॉक्टरच होती. तिच्यासाठी देशातील किती ओपीडी एक तास तरी बंद राहिल्या?

आता दोन शब्द आमच्याच लोकांशी. कारण दुसऱ्याला आरसा दाखवणाऱ्याने स्वतःचे तोंडही त्यात पाहावे. बाबासाहेबांच्या पुण्याईने आज आमच्या समाजातून शेकडो डॉक्टर झाले. त्यातले अनेक जण वस्तीत दवाखाना चालवतात, १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला शिबिरे घेतात, चैत्यभूमीवर रात्रभर रुग्ण तपासतात. त्यांना आमचा मानाचा जयभीम. पण असेही आहेत की जे आडनाव बदलतात, पाटीवर अर्धे नाव लिहितात आणि आयएमएच्या शाखेत वर्गणी भरून शेवटच्या खुर्चीत गप्प बसतात. आरक्षणाविरुद्ध ठराव येतो तेव्हा हात वर करीत नाहीत, खालीही करीत नाहीत. त्यांची भीती आम्हाला समजते. रुग्ण पाठवणारे हात कुणाचे असतात, सहकाऱ्यांनी वाळीत टाकले तर काय होते, हे आम्ही जाणतो. पण आपल्या मौनावर कुणाचा ठराव मंजूर होतो, याचा विचार त्यांनीच केला पाहिजे.

संघटनेच्या आत जायचे की आपली वेगळी संघटना काढायची, हा वाद आमच्या डॉक्टरांत नेहमी होतो. आम्हाला तो वाद निरर्थक वाटतो. अमेरिकेतल्या काळ्या डॉक्टरांनी स्वतःची संघटना बांधली, आणि १९६३ मध्ये अटलांटिक सिटीत अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे अधिवेशन भरले तेव्हा त्याच्या दारात निदर्शनेही झाली. स्वतःचे घर बांधायचे आणि दुसऱ्याच्या बंद दारावर थापही मारायची. आमच्या डॉक्टरांनी आपल्या संघटना मजबूत कराव्यात आणि आयएमएच्या शाखांच्या निवडणुकाही लढवाव्यात. प्रत्येक शाखेत तीन ठराव मांडावेत. पहिला, वैद्यकीय महाविद्यालयांत जातीय छळाच्या तक्रारींसाठी बाहेरच्या सदस्यांसह समिती असावी आणि तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याचे आडनाव परीक्षकाला कळू नये. दुसरा, आरोग्य हा नागरिकाचा हक्क आहे हे तत्त्व संघटनेने मान्य करावे आणि मगच नियमांवर भांडावे. तिसरा, ज्या रुग्णालयात आपण डॉक्टर म्हणून मिरवतो त्याच रुग्णालयात कंत्राटावर राबणाऱ्या सफाई कामगाराला कायम नोकरी आणि पुरेशी साधने मिळावीत. ठराव पडले तरी चालतील. कुणी पाडले याची नोंद तरी इतिवृत्तात राहील!

शेवटी एका डॉक्टरची आठवण. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा सावित्रीमाई फुले यांनी पुण्याबाहेर दवाखाना सुरू केला आणि तिथे उपचार करायला आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंत याला बोलावले. ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला, फुले दांपत्याने आपला मानलेला तो मुलगा. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेग झालेल्या पोराला सावित्रीमाईंनी स्वतः पाठीवर घालून त्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. डॉ. यशवंत यांनी कुणाला जात विचारली नाही, आगाऊ पैसे मागितले नाहीत आणि आम्ही राजकारण करीत नाही, असेही म्हटले नाही. महाराष्ट्रात वैद्यकाची ही परंपराही आहे. आमच्या डॉक्टर भावा-बहिणींनी तिच्यावर आपला वारसाहक्क सांगावा. आणि संघटनेच्या पुढच्या सभेत खुर्ची थोडी पुढे ओढून बसावे.